मेंदूतली तार आणि रुग्णाचा शब्द

शस्त्रक्रिया चालू असते, पण रुग्ण पूर्ण जागा असतो. डोके धातूच्या चौकटीत घट्ट बसवलेले, कवटीला रुपयाच्या नाण्याहून लहान छिद्र, आणि त्यातून एक अतिशय बारीक तार मिलिमीटर-मिलिमीटरने आत सरकत असते. मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्यामुळे कातडीपुरती भूल पुरते. तार ध्वनिवर्धकाला जोडलेली असते आणि जुन्या रेडिओवर स्टेशन लागत नसताना यायची तशी खरखर खोलीभर ऐकू येत असते. एक डॉक्टर रुग्णाच्या बोटांवरून मऊ ब्रश फिरवतो. काही होत नाही. अंगठ्यावरून फिरवतो. तरीही नाही. मग ओठाच्या कोपऱ्याला ब्रश टेकतो आणि खरखरीतून एकदम तडतड उठते, लाह्या फुटाव्यात तशी. ब्रश उचलला की तडतड थांबते. टेकवला की पुन्हा सुरू.

तारेचे टोक थॅलॅमस नावाच्या केंद्रातल्या स्पर्शाच्या भागात पोचले, तेही नेमके ओठाच्या पत्त्यावर, याची ही खूण. वास सोडला तर शरीरातली जवळपास प्रत्येक संवेदना मेंदूच्या वरच्या सालीकडे जाण्याआधी या जंक्शनवर गाडी बदलते. तिथेही फलाट ठरलेले आहेत. ओठ आणि चेहरा आतल्या बाजूला, हात त्याच्या बाहेर, पाय आणखी बाहेर. हाताच्या कंपावर उपचार करणाऱ्या शल्यविशारदाला जायचे असते ते स्पर्शाच्या भागाच्या काही मिलिमीटर पुढे. स्पर्शाचा आवाज ऐकून तो आपली जागा ओळखतो. अंधारात घरातली भिंत चाचपत दिव्याच्या बटणापर्यंत जावे, तसे.

ही पद्धत नवी नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पॅरिसजवळ गेरार गियो हे शल्यविशारद आणि डेनिझ आल्ब-फेसार या शरीरक्रियाशास्त्रज्ञ मिळून माणसाच्या थॅलॅमसमधले असे आवाज टिपत होते. त्या काळी जागा सापडली की तेवढा भाग जाळून टाकायचा, एवढाच इलाज होता. १९८७ मध्ये ग्रेनोबलच्या अलिम-लुई बेनाबिद यांनी दाखवले की जाळण्याची गरज नाही. तिथे कायमची तार ठेवून सेकंदाला शंभराहून अधिक वेळा विजेचा बारीक झटका दिला, तरी कंप थांबतो. झटके बंद केले की परत येतो. हीच ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ची, म्हणजे डीबीएसची, सुरुवात. अमेरिकेत १९९७ मध्ये कंपासाठी आणि २००२ मध्ये पार्किन्सनसाठी तिला मान्यता मिळाली. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया आता नवलाची राहिलेली नाही.

गंमत अशी, की जागा शोधताना इतके कान देऊन ऐकणारे हे तंत्र जागा सापडल्यावर मात्र बहिरे होत असे. बारीक तार काढून घेतली जाई, तिच्या जागी चार धातूच्या कड्या असलेली जाड तार बसे, ती कातडीखालून छातीतल्या बॅटरीला जोडली जाई, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे ते यंत्र नुसते बोलत राही. दिवसरात्र एकच ठेका. रुग्ण झोपला असो, चालत असो, त्याचे औषध चढले असो वा उतरले असो, यंत्राला त्याचा पत्ता नसे. काही महिन्यांनी रुग्ण दवाखान्यात आला की डॉक्टर विचारणार, “कसं वाटतंय?” आणि त्यावरून आकडे बदलणार.

गेल्या काही वर्षांत हे बहिरेपण संपत आले आहे. ज्या कड्यांतून वीज सोडायची त्याच कड्यांतून मेंदूचे संदेश ऐकायचेही, अशी उपकरणे आली. २०२० मध्ये अमेरिकेत अशा एका उपकरणाला रोजच्या वापरासाठी मान्यता मिळाली. २०२५ मध्ये त्यापुढची पायरी मान्य झाली. आता पार्किन्सनच्या रुग्णात ऐकलेल्या संदेशानुसार यंत्र आपले आपण वीज कमी-जास्त करते.

हे वाटते तितके सोपे नाही. यंत्राचा प्रत्येक झटका काही व्होल्टचा असतो आणि पेशींचा आवाज काही मायक्रोव्होल्टचा. फरक दहा लाख पटींच्या घरात. ढोल-ताशा पथकाच्या मधोमध उभे राहून मनगटी घड्याळाची टिकटिक ऐकण्याचा हा प्रकार. त्यावर काढलेली युक्ती मात्र शाळकरी गणिताची आहे. मधल्या कडीतून झटका द्यायचा आणि तिच्या वरची व खालची अशा दोन कड्यांतला फरक ऐकायचा. झटका दोन्हीकडे जवळपास सारखाच पोचतो, म्हणून वजाबाकीत निघून जातो. उरतो तो मेंदूचा आवाज. तोही शुद्ध नसतो. बॅटरी छातीच्या डाव्या बाजूला असेल तर हृदयाचे ठोके त्यात अधिक मिसळतात. मेंदूची म्हणून घेतलेली नोंद कधी कधी हृदयाचीच निघते, आणि ती निवडून काढावी लागते. पुढे ‘मशीन खोटं बोलत नाही’ असे कोणी म्हणेल तेव्हा हा ठोका आठवलेला बरा.

दुसरी गोष्ट, या जाड कडीला एकेका पेशीचे बोलणे ऐकू येत नाही. शस्त्रक्रियेतली बारीक तार एका पेशीच्या कानाशी लागलेली असते. कडी मात्र दीड मिलिमीटर उंचीची. तिच्याभोवती असंख्य पेशी. तिला ऐकू येतो तो समूहाचा गलका. दिंडी दूरवरून येत असावी तसे. कोण काय बोलतो ते कळत नाही, पण टाळ एकत्र पडू लागले की लांबूनही कळते. पार्किन्सनमध्ये नेमके हेच होते. मेंदूच्या खोल भागातल्या पेशी सेकंदाला १३ ते ३० या वेगाने अवाजवी एकतालात वाजू लागतात. औषध चढले की हा ताल विरतो, हालचाल मोकळी होते. यंत्र हा ताल ऐकते आणि वाढला की वीज वाढवते. हालचालीच्या बाबतीत हे गणित बऱ्यापैकी जमते, कारण हालचाल बाहेरून दिसते. यंत्राने ऐकलेले खरे की खोटे, हे रुग्णाच्या हाताकडे बघून तपासता येते.

संवेदनांचे काय? स्पर्शापुरते तरी उत्तर चांगले आहे. मनगटावरच्या मज्जातंतूला विजेची सौम्य टिचकी दिली, की पंधरा-सोळा मिलिसेकंदांत थॅलॅमसजवळच्या इलेक्ट्रोडवर लाट उमटते आणि साधारण विसाव्या मिलिसेकंदाला मेंदूच्या सालीवर. एका टिचकीची लाट गोंगाटात हरवते, म्हणून शेकडो टिचक्यांची सरासरी काढतात. पण निघते ती लाट स्वच्छ आणि भरवशाची असते. संदेश वाटेत कुठे अडतो आहे, तार नेमकी कुठे आहे, हे त्यावरून कळते. इथपर्यंत सगळे ठीक. टिचकी बाहेर, लाट आत, दोन्ही मोजता येतात.

अडचण सुरू होते ती दुखण्यापाशी.

१९०६ साली पॅरिसच्या देजेरीन आणि रूसी या दोन डॉक्टरांनी एका विचित्र आजाराचे वर्णन केले. थॅलॅमसला पक्षाघाताचा धक्का बसलेल्या काही रुग्णांना शरीराची एक बाजू बधिर होते, स्पर्श नीट कळत नाही. आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी त्याच बधिर बाजूला असह्य आग होऊ लागते. सदऱ्याची बाही घासली तरी जाळ. हातात जखम नाही, मज्जातंतूला इजा नाही, हाताकडून वर गेलेला कुठलाही धोक्याचा संदेश नाही, तरी हात जळतो आहे. कापून टाकलेल्या पायाचा अंगठा पिरगळल्यासारखा दुखतो, ही तक्रार करणारे तर त्याहून जास्त. तिथे संदेश पाठवायला पायच नाही.

म्हणजे संदेश असून वेदना नसू शकते आणि संदेश नसून वेदना असू शकते. खेळाच्या धुंदीत गुडघा फुटल्याचे घरी आल्यावर कळते, हा अनुभव कोणाला नाही? वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा सोबतच्या टिपांमध्ये हे स्पष्टच म्हटले. वेदना आणि संवेदी चेतापेशींमधली हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त त्या पेशींच्या हालचालीवरून वेदना आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि माणूस दुखते म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा.

या पार्श्वभूमीवर सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले काम पाहण्यासारखे आहे. डॉ. प्रसाद शिरवळकर आणि सहकाऱ्यांनी ते २०२३ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. रुग्ण अवघे चार. तिघांना पक्षाघातानंतरची वेदना, एकाला कापलेल्या पायाची. औषधांनी थकलेले. त्यांच्या मेंदूत दोन ठिकाणी इलेक्ट्रोड बसवले. एक वेदनेच्या क्लेशाशी ज्याचा संबंध पूर्वीपासून माहीत आहे तो मधला पट्टा, ‘अँटीरियर सिंग्युलेट’. दुसरा डोळ्यांच्या खोबणीच्या वर, कपाळामागचा ‘ऑर्बिटोफ्रंटल’ भाग. ते उपकरण डीबीएसच्या घराण्यातलेच, पण नोंदही ठेवू शकणारे. रुग्णांना घरी पाठवले. दिवसातून अनेकदा त्यांनी आत्ता किती दुखते आहे, कसे दुखते आहे ते नोंदवायचे आणि एक बटण दाबायचे. बटण दाबले की मेंदूतली त्या घडीची विजेची नोंद साठवली जाई. असे काही महिने चालले.

नंतर संगणकाला त्या नोंदी देऊन रुग्णाने सांगितलेले दुखणे ओळखायला शिकवले. दीर्घकालीन वेदनेची चढ-उतार सगळ्यात नीट ओळखता आली ती ऑर्बिटोफ्रंटल भागातल्या संदेशांवरून. याउलट प्रयोगशाळेत त्वचेला गरम स्पर्श देऊन निर्माण केलेली क्षणिक वेदना सिंग्युलेटमध्ये अधिक दिसली. चटका आणि वर्षानुवर्षांचे दुखणे हे मेंदूच्या लेखी एक नाही, याचा इतका थेट पुरावा क्वचित मिळतो.

या बातमीचा मथळा जगभर साधारण एकच होता. शास्त्रज्ञांना वेदना ‘वाचता’ आली. मथळ्यात न मावलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. संगणकाला वेदना म्हणजे काय हे कोणी शिकवले? त्या चौघांनी. दर बटणासोबत दिलेल्या त्यांच्या आकड्यांनी. ते आकडे काढून घेतले तर उरतात त्या नुसत्या लाटा, ज्यांना काही अर्थ नाही. शिवाय एकाची ओळखखूण दुसऱ्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. प्रत्येकासाठी यंत्राला नव्याने शिकावे लागले. म्हणजे या यंत्राचा गुरू रुग्णाचा शब्द आहे. शिष्याने पुढे गुरूलाच खोटे ठरवायचे, ही कल्पना विज्ञानाच्या अंगानेही टिकत नाही.

पण ती कल्पना येणार आहे, आणि आपल्याकडे तर तिच्यासाठी जमीन नांगरून ठेवलेली आहे. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य ज्या घरात एकदा आले त्या घरात पुढे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. एक्स-रे नॉर्मल, एमआरआय नॉर्मल, रक्त नॉर्मल, मग हिचे दुखते तरी काय? सासूबाईंच्या भुवया वर जातात, साहेबांच्या कपाळाला आठी पडते, आणि डॉक्टरही कधी कधी नातेवाइकांकडे बघून हलकेच मान हलवतात. अनेक बायांनी अशी वर्षे काढली आहेत. जे दिसत नाही ते नसते, असे मानणारी ही रीत आहे. तिच्या हाती वेदना मोजण्याचे यंत्र दिले, तर तो आणखी एक ‘नॉर्मल रिपोर्ट’ होईल.

सरकारी कागदातही दुखण्याला जागा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे. पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. दीर्घकालीन वेदना, तेवढीच, म्हणून नाही. सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि आग होणाऱ्या हाताचे टक्के कसे काढायचे, हे कुठल्या तक्त्यात नाही. अशा ठिकाणी ‘वस्तुनिष्ठ’ आकड्याची ओढ फार असते. विम्याचेही तसेच. विमा नियामकाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांना विम्यातून वगळता येणार नाही असे ठरवले, त्यात डीबीएस आहे. चांगलेच झाले. पण उद्या वेदनेसाठीचा डीबीएस सर्रास झाला आणि यंत्रात नोंदी साठू लागल्या, तर दाव्याच्या फायलीसोबत ‘यंत्रातला डेटाही जोडा’ ही मागणी यायला वेळ लागणार नाही. नोंदीत वेदना दिसत नाही, सबब पुढची बॅटरी नामंजूर.

एक आक्षेप इथे रास्त आहे. मोजमापाने नेहमी रुग्णाचे नुकसानच होते का? मुळीच नाही. उलट उदाहरण लख्ख आहे. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बालकांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. एवढ्या लहान जिवाला वेदना कळतच नाही असा समज होता. ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या डॉ. कंवलजीत आनंद या भारतीय डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या वेळी बाळांच्या रक्तातली तणावाची संप्रेरके मोजली. पुरेशी भूल न मिळालेल्या बाळांच्या शरीरात उठणारे वादळ आकड्यांत दिसले, तेव्हा १९८७ नंतर वैद्यकजगत हलले. बाळाला बोलता येत नव्हते. मोजमाप त्याच्या वतीने बोलले.

स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, पक्षाघाताने वाचा गेलेले, अतिदक्षता विभागात नळ्यांमध्ये अडकलेले, यांच्या वतीने बोलणारे काही सापडले तर हवेच आहे. डीबीएसच्या तारेतून हे व्हायला अवकाश आहे, पण दिशा योग्य आहे. मात्र या दोन वापरांत फरक करायला हवा. बाळाच्या बाबतीत मोजमापाने विश्वास वाढवला. ‘रिपोर्ट नॉर्मल’च्या बाबतीत ते विश्वास काढून घेते. म्हणून वेदनेच्या नोंदीला एकच बाजू असावी. ती रुग्णाच्या बाजूने साक्ष देऊ शकेल, त्याच्या विरुद्ध नाही.

हे नुसते दयेपोटी म्हणणे नाही, त्याला शास्त्राचा आधार आहे. इलेक्ट्रोडला ऐकू येतो तो आजूबाजूचा काही मिलिमीटरचा परिसर. वेदना मेंदूत एका जागी बसलेली नसते. सिंग्युलेटचा भाग शस्त्रक्रियेने निकामी केलेल्या जुन्या रुग्णांच्या नोंदींत एक चमत्कारिक गोष्ट सापडते. दुखते आहे, पण त्याचा त्रास वाटत नाही, असे त्यांतले काही सांगत. जाणीव एकीकडे, क्लेश दुसरीकडे. मग एका ठिकाणच्या तारेला शांतता ऐकू आली, म्हणजे घर शांत आहे असे कसे म्हणायचे? स्वयंपाकघरात कान लावून माजघरातले भांडण ऐकू आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. याउलट, त्याच रुग्णाच्या शब्दांवर शिकवलेल्या यंत्राला ओळखीची खूण ऐकू आली, तर ती अर्थपूर्ण असण्याची शक्यता बरीच आहे. असण्याचा पुरावा आणि नसण्याचा पुरावा यांचे वजन इथे सारखे नाही.

मग ढोंग करणाऱ्यांचे काय, असा प्रश्न कार्यालयांत आणि कोर्टांत विचारला जातो. कोणी भरपाईसाठी कवटीला भोक पाडून घेत नाही, हे पहिले उत्तर. दुसरे जास्त गंभीर आहे. धोका या चार-पाच रुग्णांच्या तारेचा नाहीच. धोका आहे तो खोल तारेतून मिळालेल्या निष्कर्षाचे नाव घेऊन बाजारात येणाऱ्या टोप्या-पट्ट्यांचा, ज्या कपाळाला बांधून ‘दहा मिनिटांत वेदनेचा रिपोर्ट’ देतील.

हा धोका काल्पनिक वाटत असेल तर महाराष्ट्राने तो पाहून झाला आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपींना दोषी ठरवले. पुराव्यांमध्ये डोक्याला बाहेरून इलेक्ट्रोड लावून केलेल्या ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन्स सिग्नेचर’ या चाचणीचा अहवालही धरला गेला. आरोपीच्या मेंदूत गुन्ह्याच्या ‘अनुभवाची’ खूण सापडते, असा तिचा दावा. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने अशा चाचण्या पुराव्यासाठी शास्त्रीय नाहीत असे मत दिले. पुढे २०१० मध्ये ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही असा निकाल दिला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हा घटनेच्या कलम २०(३) मधला हक्क मेंदूच्या लहरींनाही लागू झाला. खुनाच्या आरोपीला जे संरक्षण आहे, ते आग होणाऱ्या हाताच्या रुग्णाला विमा कंपनीच्या टेबलावरही असावे, ही मागणी काही जास्त नाही.

जगात याची हालचाल सुरू आहे. चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या क्रियांपासून मिळणाऱ्या माहितीचे संरक्षण थेट राज्यघटनेत आणले. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये मेंदूच्या नोंदींना संवेदनशील माहितीचा दर्जा दिला. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती कायद्यात मात्र ‘संवेदनशील माहिती’ असा वेगळा वर्गच नाही. आधीच्या मसुद्यांत होता, अंतिम कायद्यात गळाला. मोबाइल क्रमांक आणि मेंदूतल्या वेदनेची नोंद कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत उभ्या आहेत.

या सगळ्यात उपचाराचा मूळ प्रश्न मागे पडू नये. वेदनेसाठी डीबीएसचा इतिहास फारसा उजळ नाही. अमेरिकेत झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अपेक्षित यश मिळाले नव्हते. काहींना सुरुवातीला फार आराम पडे, आणि काही महिन्यांनी तो विरून जाई. सतत एकाच ठेक्याने बोलणाऱ्या यंत्राकडून हीच अपेक्षा करता येते, असे आता अनेक संशोधकांना वाटते. वेदना उठेल तेव्हाच बोलणारे, एरवी गप्प बसणारे यंत्र कदाचित जास्त काळ उपयोगी पडेल. त्यासाठी वेदना ऐकता येणे भाग आहे. या संशोधनाची खरी निकड ही आहे आणि तिला विरोध करण्याचे काही कारण नाही.

आणि ऐकण्याची सुरुवात तारेच्या फार आधी होते. मॉन्ट्रियलच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये रुग्ण दुखण्यासाठी वापरतात ते शब्द जमवून प्रश्नावली बनवली. त्यात ७८ शब्द वीस गटांत लावलेले होते. कुठला शब्द निवडला यावरून दुखण्याचा प्रकार ओळखायला मदत होई. मराठी माणसाकडे हा खजिना काही कमी नाही. ठणका वेगळा, तो नाडीच्या ठोक्यासोबत येतो. कळ वेगळी, ती येते आणि जाते. सणक आणि चमक विजेसारख्या, बहुधा मज्जातंतूच्या. ठुसठुस, सल, उसण, आग, जळजळ, मुंग्या, ओढ, टोचणी. पक्षाघातानंतरच्या दुखण्याचा रुग्ण ‘ठणकतंय’ म्हणत नाही, ‘आग होते’, ‘बर्फात हात घातल्यासारखं वाटतं’ म्हणतो, आणि या फरकात अर्धे निदान असते. पण बाह्यरुग्ण विभागात त्याला विचारले जाते, “शून्य ते दहामध्ये किती?” तो बिचारा अंदाजे सात म्हणतो. कागदावर सात उमटतो आणि ‘आग’ हवेत विरते.

डीबीएसची यंत्रे नोंदी घेऊ लागली आहेत आणि पुढची काही वर्षे ती अधिक घेतील. ज्या रुग्णालयांत ती बसवली जातात तिथल्या संमतिपत्रात आजच काही ओळी घालता येतील. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. यंत्र काय काय नोंदवते, ती नोंद कोणाच्या संगणकावर जाते, रुग्णाला तिची प्रत कशी मिळेल, नोंद बंद ठेवून उपचार चालू ठेवता येईल का, आणि विमा कंपनी वा नोकरीवरच्या साहेबांनी मागितली तर रुग्णालय काय उत्तर देईल. प्रयोगात सहभागी झालेल्यांसाठी आणखी एक ओळ हवी. प्रयोग संपल्यावर डोक्यातल्या यंत्राची बॅटरी कोण बदलून देणार? साध्या बॅटरीचे आयुष्य काही वर्षांचेच असते आणि ती बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया आणि लाखो रुपये लागतात. हे सगळे मराठीत, रुग्णाला वाचता येईल अशा अक्षरात, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नव्हे, तर निदान आठवडाभर आधी त्याच्या हातात पडायला हवे.